वाचतां वाचतां : समोरचें कोरें पान

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. पत्र मोठें आहे व त्यांतला बराचसा भाग घरगुती असल्यामुळें तो येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु त्यांतील मुख्य प्रश्न असा आहे कीं, चार ओळींच्या कार्डावर त्याचें उत्तर देऊन भागणार नाहीं. बाई लिहितात कीं, सतराव्या वर्षीं त्यांनीं एक वही केली. वडिलांच्या कपाटांतलीं पुस्तकें वाचावीं आणि मनाला लागेल तें या वहींत उतरून घ्यावें, असा त्यांचा क्रम होता. वहीचे त्यांनीं चार भाग पाडले होते : जीवन, प्रेम, कला आणि स्वातंत्र्य. (प्रेमाचा भाग वडिलांच्या नजरेस एकदम पडूं नये म्हणून तो मुद्दाम मधल्या पानांत ठेवला होता, हें त्यांनीं आतां, वयाच्या सत्तरीजवळ, कबूल केलें आहे.) स्वातंत्र्याच्या भागांत पहिल्याच पानावर जॉन स्टुअर्ट मिल्ल याच्या स्वातंत्र्यावरील निबंधांतला उतारा आहे. साऱ्या जगाचें मत एका बाजूला असलें तरी विरुद्ध मताच्या एकट्या माणसाचें तोंड बंद करण्याचा अधिकार जगाला पोंचत नाहीं, हा त्याचा आशय. उतारा प्रसिद्ध आहे. पुष्कळांच्या वहींत तो सांपडेल.

ही वही बाईंबरोबर सासरीं गेली, यजमानांच्या बदल्यांबरोबर पांच गांवें फिरली आणि शेवटीं पुण्यास येऊन कपाटांत स्थिर झाली. गेल्या दिवाळींत कॉलेजांत शिकणाऱ्या नातवानें ती चाळली आणि तो उतारा पाहून तो हंसला. “आजी, याच पुस्तकांत थोडीं पानें अलीकडे काय लिहिलें आहे तें तूं वाचलें आहेस का ?” असें विचारून त्यानें पुस्तकच आणून दाखविलें. तेथें ग्रंथकर्ता स्वच्छ सांगतो कीं, हा स्वातंत्र्याचा सिद्धांत वयांत आलेल्या माणसांपुरता आणि पुढारलेल्या समाजांपुरता आहे. लहान मुलांना तो लागू नाहीं, तसाच मागासलेल्या समाजांनाही नाहीं. अशा लोकांवर एकतंत्री सत्ता चालविणें गैर नाहीं, मात्र त्या सत्तेचा हेतु त्यांची सुधारणा हा असावा. “मागासलेले म्हणजे कोण ? आपणच कीं !” असें म्हणून नातू फराळाला गेला. बाईंना मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं. त्या विचारतात : हा उतारा आतां खोडून टाकावा काय ?

प्रश्न साधा दिसतो, पण माझ्या मतें तो फार मोठा आहे. आपल्याकडे सुभाषितांच्या वह्या पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. माझ्या आजोबांची तशी एक वही मीं लहानपणीं पाहिली आहे. बोरूनें लिहिलेली, कडा हळदीच्या बोटांनीं पिवळ्या झालेल्या. तींत श्लोकाखालीं कवीचें नांव क्वचितच असे, आणि कोणी तें विचारीतही नसे. सुभाषित हें विहिरीच्या पाण्यासारखें. विहीर कोणी खणली हें न पुसतां तें प्यावें. पाश्चात्त्य लेखकांचीं वचनें आपल्याकडे आलीं तीं मात्र नांवांसकट आलीं, आणि नांवाला एक वजन असतें. दुर्दैवानें पुष्कळदां नांव चुकीचेंही असतें. तुझें म्हणणें मला पटत नाहीं, परंतु तें बोलण्याचा तुझा हक्क मी प्राणपणानें राखीन, या अर्थाचें वाक्य व्होल्तेअरच्या नांवावर साऱ्या जगांत खपतें. तें व्होल्तेअरनें लिहिलेलें नाहीं. इव्हेलिन बीट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेनें एस्. जी. टॅलंटायर या टोपणनांवानें १९०६ सालीं व्होल्तेअरच्या स्नेह्यांवर एक पुस्तक लिहिलें. त्यांत व्होल्तेअरच्या वृत्तीचें वर्णन करतांना तिनें तें वाक्य स्वतः रचलें आणि लोकांनीं तें त्याच्या तोंडीं घातलें. मिल्लच्या उताऱ्याचें तसें नाहीं. तो खरोखरच त्याचा आहे, आणि अडचणही तीच आहे. तो दुसऱ्या कोणाचा निघाला असता तर बाईंची सुटका झाली असती.

तेव्हां खोडण्यापूर्वीं त्या माणसाकडे थोडें पाहूं. योग असा कीं, बाईंच्या वहीचे चारही भाग या एका माणसाच्या आयुष्यांतून भरतां येतात.

मिल्लचा जन्म २० मे १८०६ रोजीं लंडनांत झाला. बाप जेम्स मिल्ल हा मोठा करारी विद्वान्. हिंदुस्थानांत पाऊल न टाकतां आणि येथील एकही भाषा न शिकतां त्यानें हिंदुस्थानचा तीन खंडांचा इतिहास लिहिला. बारा वर्षें खपून लिहिलेला तो ग्रंथ १८१७ त बाहेर पडला आणि पुढें कित्येक वर्षें आपल्यावर राज्य करावयास येणारे गोरे तरुण तो वाचून येत राहिले. इकडे न येण्यानें आपली दृष्टि निःपक्षपाती राहिली, असेंही तो प्रस्तावनेंत सांगतो ! याच बापानें मुलाला तिसऱ्या वर्षीं ग्रीक आणि आठव्या वर्षीं लॅटिन शिकवावयास घेतलें. मुलाला शाळा नव्हती, सुटी नव्हती, बरोबरीचे सवंगडी नव्हते. स्वतः शिकलेलें धाकट्या भावंडांना शिकवावयाचें, आणि त्यांचें चुकलें तर बोलणीं यानें खावयाचीं. अकराव्या वर्षीं तो बापाच्या इतिहासाचीं मुद्रितें तपासण्यास मदत करीत होता. आपल्याकडे मुलाला पहांटे उठवून रूपावळी घोकवून घेणारे वडील होऊन गेले, पण जेम्स मिल्लपुढें तेही मवाळच म्हणावे लागतील.

या शिक्षणाचें फळ विसाव्या वर्षीं दिसून आलें. १८२६ च्या शरदृतूंत एके दिवशीं मिल्लनें स्वतःला एक प्रश्न केला. समज, तूं ज्या ज्या सुधारणांसाठीं झटत आहेस त्या सर्व या क्षणीं अमलांत आल्या, तर तूं सुखी होशील काय ? मनानें उत्तर दिलें, नाहीं. त्याबरोबर आयुष्याचा सारा पायाच खचला. कामें चालूं होतीं, लेख लिहिले जात होते, सभांतून भाषणें होत होतीं. पण तें सारें घाण्याच्या बैलासारखें. कोणापाशीं बोलावें तर बाप हा जगांतला शेवटला माणूस. अनेक महिने असे काढल्यावर एका फ्रेंच लेखकाच्या आठवणी त्याच्या हातीं आल्या. मार्मोंतेल हें त्याचें नांव. वडील वारल्यावर घरांतल्या सर्वांना मी वडिलांच्या ठिकाणीं होईन, असा निश्चय एका पोरसवदा मुलानें केल्याचा प्रसंग तेथें आहे. तो वाचतांना मिल्लच्या डोळ्यांतून पाणी आलें, आणि आपण अगदींच दगड झालों नाहीं हें पाहून त्याला हायसें वाटलें. बापाच्या मृत्यूची कथा वाचून याच मुलाला रडूं यावें, यावर पुढच्या मानसशास्त्रज्ञांनीं पुष्कळ लिहिलें आहे. तें मला फारसें रुचत नाहीं. माणूस रडला आणि बरा होऊं लागला, एवढें पुरे आहे.

या दुखण्यांतून त्यानें काढलेला विचार बाईंच्या पहिल्या भागांत घालण्यासारखा आहे. सुखाचा पाठलाग करणाऱ्याला सुख सांपडत नाहीं. दुसऱ्या कशांत तरी, परोपकारांत, विद्येंत, एखाद्या कामांत मन गुंतलें असतां तें वाटेंत आपोआप भेटतें, आणि “मी सुखी आहें काय” असें विचारलें कीं तें नाहींसें होतें. आपल्या घरांतून हें तत्त्व निष्काम कर्माच्या नांवानें लहानपणापासून कानांवर पडलेलें असतें, म्हणून तें आपल्याला सोपें वाटतें. मिल्लच्या घरीं देव नव्हता, गीता नव्हती, आजी तर नव्हतीच. तेंच तत्त्व त्याला विसाव्या वर्षीं एकट्याला, अंधारांत चांचपडत शोधावें लागलें. त्याची किंमत मला त्यामुळें अधिक वाटते.

कलेच्या भागांत घालावयाची गोष्ट मोठी गमतीची आहे. याच उदासीनतेच्या काळांत मिल्लला एक विलक्षण चिंता लागली. संगीताची त्याला आवड होती. परंतु सप्तकांत पांच पूर्ण स्वर व दोन अर्धस्वर एवढेंच भांडवल. त्यांच्या जुळण्या कितीही झाल्या तरी मोजक्याच, आणि त्यांतल्या सुंदर तर अगदींच थोड्या. तेव्हां मोझार्ट व वेबर यांनीं त्या बहुतेक संपविल्या असणार. पुढच्यांना नवीन काय उरणार, या विचारानें त्याची झोंप उडाली! आपल्या संगीताच्या बैठकींत वाढलेल्या माणसाला हें वाचून हंसूं आंवरत नाहीं. भूप रागाला स्वर पांच, मालकंसालाही पांचच; आणि तेवढ्यावर गवयी मध्यरात्रीपासून पहांटेपर्यंत बसतो व श्रोते उठत नाहींत. पण मिल्लच्या भीतीचें मूळ संगीतांत नव्हतेंच. सर्व कांहीं मोजतां येतें अशी ज्याची समजूत करून दिली आहे, त्याला तेंही एक दिवस संपेल ही धास्ती पडावयाचीच. औषध मिळालें तें वर्ड्‌स्वर्थच्या कवितेंत. त्यापूर्वीं त्यानें बायरन वाचून पाहिला होता. पण बायरनचें दुःख त्याच्या स्वतःच्याच दुःखासारखें निघालें, आणि रोग्याला रोग्याचा काय उपयोग? १८२८ च्या शरदृतूंत वर्ड्‌स्वर्थचे दोन भाग हातीं आले. डोंगर, ओढे, शेतांतलीं साधीं माणसें यांच्या वर्णनामागें एक शांत आनंद आहे, त्यांत सर्वांना वांटा मिळूं शकतो आणि जगांतली सर्व दुःखें मिटलीं तरी तो उरेल, असें त्याला दिसलें. वर्ड्‌स्वर्थहून मोठे कवि झाले आहेत हें मिल्लही मान्य करतो; पण त्या वेळीं त्याला लागणारें औषध त्याच्यापाशीं होतें.

आतां मधलीं पानें उघडूं. १८३० त हॅरिएट टेलर या बाईशीं मिल्लची ओळख झाली. मिल्लचें वय चोवीस, तिचें तेवीस. ती विवाहित होती. नवरा जॉन टेलर हा औषधी द्रव्यांचा व्यापारी, स्वभावानें सज्जन. पदरीं दोन मुलें होतीं, तिसरें पुढच्या वर्षीं झालें. दोघांचा स्नेह जडला, आणि तो तब्बल एकवीस वर्षें त्याच अवस्थेंत राहिला. पुढें ती नवऱ्यापासून निराळ्या घरीं बहुतेक राहूं लागली, मिल्ल तेथें जाई, नवऱ्याला तें ठाऊक असे. आपल्या नात्यांत मर्यादेचा भंग झाला नाहीं असें मिल्लनें पुढें लिहून ठेवलें आहे. लंडनच्या समाजानें व्हावयाची तेवढी कुजबूज केली. १८३५ च्या मार्चमध्यें एका संध्याकाळीं मिल्ल पांढराफटक होऊन टॉमस कार्लाइलच्या दारीं उभा राहिला व हॅरिएट खालीं गाडींत बसली होती, तेव्हां हीं दोघें आतां पळून चाललीं अशीच कार्लाइल पतिपत्नींची समजूत झाली. खरी हकीकत त्याहून वाईट होती. कार्लाइलनें फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाच्या पहिल्या खंडाचें एकुलतें एक हस्तलिखित मिल्लला वाचावयास दिलें होतें; तें मोलकरणीनें रद्दी समजून विस्तवांत घातलें होतें. कार्लाइलनें मिल्लचेंच सांत्वन केलें आणि तो खंड पुन्हां पहिल्यापासून लिहून काढला. मिल्लनें दोनशें पौंड देऊं केले, त्यांतले शंभर त्यानें घेतले.

१८४९ त टेलर वारला. शेवटच्या दुखण्यांत हॅरिएटनेंच त्याची शुश्रूषा केली. दोन वर्षांनीं, एप्रिल १८५१ मध्यें, तिचें व मिल्लचें लग्न झालें. या नात्याविषयीं वाचकांचीं मतें भिन्न होतील, आणि मीही येथें वकिली करूं इच्छीत नाहीं. टेलरच्या बाजूनें विचार केला तर मन निःशंक होत नाहीं. शिवाय लग्नानंतर आपल्या आईशीं व बहिणींशीं, हॅरिएटचा योग्य मान त्यांनीं राखला नाहीं अशा समजुतीनें, मिल्ल ज्या कोरडेपणानें वागला तो स्वातंत्र्याच्या आचार्याला शोभणारा नव्हता. पण लग्नापूर्वीं त्यानें एक कागद लिहिला, तो मात्र बाईंनीं आपल्या वहींत अवश्य नोंदवावा. इंग्लंडच्या तेव्हांच्या कायद्याप्रमाणें लग्न होतांच बायकोची मिळकत नवऱ्याची होई. तिच्या देहावर व हालचालीवरही त्याचाच ताबा. ६ मार्च १८५१ रोजीं मिल्लनें लिहून ठेवलें कीं, हा कायदा मला मान्य नाहीं. यानें मला मिळणारे अधिकार कायदेशीर रीतीनें टाकून देण्याची सोय नाहीं, म्हणून ते मी कधींही वापरणार नाहीं असें वचन देतों, आणि लग्न झालेंच नाहीं असें समजून तिची मिळकत व तिची मोकळीक पूर्ववत् तिचीच राहील. विवाहित स्त्रीला आपल्या मिळकतीवर पुरा हक्क देणारा कायदा इंग्लंडांत व्हावयास त्यानंतर एकतीस वर्षें लागलीं. (आपल्या आज्यांचें स्त्रीधन तेव्हांही शास्त्रानें त्यांचेंच होतें, हें येथें सांगावेंसें वाटतें, तें त्यांच्या हातीं कितपत राही हें ज्याच्या त्याच्या घरानें आठवावें.)

साडेसात वर्षेंच संसार झाला. १८५८ च्या हिंवाळ्यांत दक्षिणेकडे निघालेलीं हीं दोघें फ्रान्समध्यें अव्हीन्यों गांवीं थांबलीं असतां ३ नोव्हेंबर रोजीं हॅरिएट वारली. स्वातंत्र्यावरील निबंधाचें हस्तलिखित तयार होतें. दोघांनीं मिळून त्या हिंवाळ्यांत त्यावरून शेवटचा हात फिरवावयाचा बेत होता. मिल्लनें तो हात फिरविलाच नाहीं. एकही बदल न करतां त्यानें पुस्तक छापावयास दिलें आणि १८५९ च्या आरंभीं तें तिच्या स्मृतीला अर्पण होऊन बाहेर पडलें. अव्हीन्योंच्या स्मशानभूमीजवळ त्यानें एक घर घेतलें. पुढें दरवर्षीं कांहीं महिने तो तेथें राही आणि ७ मे १८७३ रोजीं तेथेंच वारला. तिच्याच शेजारीं त्याला पुरलें.

म्हणजे बाईंनीं सतराव्या वर्षीं स्वातंत्र्याच्या पानावर उतरून घेतलेला मजकूर हा एका अर्थीं मधल्या पानांतलाच होता.

येथपर्यंत सारें ठीक आहे. आतां नातवाचा आक्षेप. त्याला मी हलका लेखीत नाहीं, उलट त्यानें जेवढें सांगितलें त्याहून प्रकरण बिकट आहे. मिल्लनें पोट कशावर भरलें ? १८२३ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरींत बापाच्या हाताखालीं कारकून म्हणून लागला आणि १८५८ त कंपनी बुडेपर्यंत, पस्तीस वर्षें, तेथेंच राहिला. हिंदुस्थानांत तो कधीं आला नाहीं. पण हिंदुस्थानांत जाणारे खलिते तो लिही. त्यांतही बरींच वर्षें त्याच्याकडे काम होतें तें देशी संस्थानांशीं होणाऱ्या पत्रव्यवहाराचें. १८४८ त साताऱ्याचें राज्य खालसा झालें, १८५४ त नागपूरचें व झांशीचें. तेव्हां हा मनुष्य त्याच कचेरींत त्याच खात्याच्या मेजाशीं बसलेला होता. शेवटीं कंपनीची सनद जाण्याची वेळ आली, तेव्हां कंपनीच्या बाजूचा अर्जही यानेंच लिहिला, आणि त्याच वर्षीं यानें स्वातंत्र्यावरचा निबंध पुरा केला ! सकाळीं कचेरींत खलिता आणि संध्याकाळीं घरीं निबंध, असे त्याचे दिवस गेले. त्या दोहोंमध्यें भिंत हवी होती. नातवानें दाखविलेला परिच्छेद ही ती भिंत आहे. त्यांत भर म्हणून तो लिहितो कीं, अशा लोकांना एखादा अकबर किंवा शार्लमान लाभला तर त्यांनीं निमूट त्याची आज्ञा पाळावी. कंपनीच्या कारकुनाला दाखल्यासाठीं अकबर आठवावा, आणि ज्यांनीं अकबर दिला त्यांना आपलें हित आपण पाहतां येत नाहीं असेंही वाटावें, याला काय म्हणावें !

तरीही चित्र एकरंगी नाहीं. १८३५ त मेकॉलेनें इंग्रजी शिक्षणाचा तो प्रख्यात टिपणलेख लिहून संस्कृत व अरबी विद्येला निकालांत काढलें, तेव्हां पुढच्या वर्षीं त्याविरुद्ध खलिता तयार करणारा मिल्लच होता. वरच्या मंत्र्यानें तो जाऊं दिला नाहीं. स्वातंत्र्याच्या निबंधांत एके ठिकाणीं मुंबईच्या पारशी लोकांचा दाखला येतो : हिंदूंच्या भूमींत आसरा घेतांना त्यांनीं गोमांस वर्ज्य केलें, पुढें मुसलमानी अमलांत डुकराचें वर्ज्य केलें, आणि कालांतरानें हीं दोन्ही पथ्यें त्यांच्या अंगवळणीं पडलीं. लंडनच्या मेजावरून त्याला मुंबईचीं जेवणाचीं पानें दिसत होतीं, हें आश्चर्यच. आणि १८६९ त प्रसिद्ध झालेल्या स्त्रियांच्या दास्यावरील पुस्तकांतली एक टीप तर आपल्या घरांतून वाचून दाखविण्यासारखी आहे. कचेरींतल्या दीर्घ अनुभवावरून तो सांगतो कीं, एखादें हिंदु संस्थान नेटानें, जागरूकपणें व काटकसरीनें चाललें आहे, जुलमावांचून बंदोबस्त आहे, लागवड वाढते आहे व रयत सुखांत आहे असें आढळलें, तर चारांपैकीं तीन ठिकाणीं कारभार अज्ञान राजाच्या वतीनें एखाद्या बाईच्या हातीं असतो. आणि ही बाई पडद्याबाहेर आलेली नसते, तिला वाचनही नसतें. अहिल्याबाईंच्या महाराष्ट्राला हें वाचून नवल वाटणार नाहीं. पण गंमत पहा. इंग्लंडच्या स्त्रीला राज्यकारभार झेपेल हें सिद्ध करण्यासाठीं ज्यानें हिंदु राण्यांची साक्ष काढली, त्यालाच त्या राण्यांची प्रजा स्वातंत्र्याला अपात्र वाटली. आपलाच पुरावा आपल्याच विधानावर उलटतो, हें त्याच्या तीक्ष्ण तर्कशास्त्राला दिसलें नाहीं.

पुढें तो पार्लमेंटांत गेला. १८६७ सालीं मताधिकाराच्या कायद्यांत ‘पुरुष’ या शब्दाऐवजीं ‘व्यक्ति’ हा शब्द घालावा अशी सूचना त्यानें आणली; तिला ७३ मतें अनुकूल व १९६ प्रतिकूल पडलीं. जमेकांतल्या कृष्णवर्णीय प्रजेवर १८६५ त लष्करी कायद्याखालीं अनन्वित कत्तल करविणारा गव्हर्नर आयर याच्यावर खुनाचा खटला व्हावा म्हणून खटपट करणाऱ्या मंडळाचा तो अध्यक्ष होता. आयरच्या बचावासाठीं पुढें सरसावलेल्यांत त्याचा जुना मित्र कार्लाइल होता. या खटपटीबद्दल मिल्लला खुनाच्या धमक्यांचीं पत्रें येत. तेव्हां मनुष्य भ्याड नव्हता, ढोंगीही नव्हता. ज्या मेजाशीं पस्तीस वर्षें बसला, तें मेज त्याला दिसेनासें झालें होतें, एवढेंच.

आतां आपल्याकडचा एक वाचक पाहूं. डेक्कन कॉलेजांत शिकत असतां गोपाळ गणेश आगरकर यांनीं मिल्ल वाचला. त्यांच्यावर मिल्ल व स्पेन्सर यांचा केवढा पगडा होता तें ‘सुधारक’ वाचणाऱ्यास सांगावयास नको. तो मागासलेल्या समाजांचा परिच्छेद त्यांच्या डोळ्यांखालून गेला नसेल हें शक्य नाहीं; तर्कशास्त्र शिकविणारा माणूस पानें गाळून वाचीत नाहीं. पण हा सिद्धांत तुमच्यासाठीं नाहीं अशी पाटी दारावर लावलेली असतां ते सरळ आंत गेले आणि हवें तें घेऊन आले. मिल्लनें एकट्या माणसाचा जो हक्क सांगितला तो आगरकरांनीं लंडनच्या सरकारापुढें मागितला तसाच पुण्याच्या समाजापुढेंही मागितला, आणि दुसरें काम पहिल्याहून अवघड होतें. कोल्हापूर प्रकरणांत १८८२ त टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगांत काढलेल्या १०१ दिवसांत लोक त्यांच्या बाजूनें होते. १८८८ त ‘सुधारक’ निघाल्यावर मात्र त्याच पुण्यांत जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढण्यांत आली. पुतळा तिरडीवर घालून ती मिरवणूक त्यांच्या घरावरून नेली. सारें गांव एका बाजूला आणि एकटा माणूस दुसऱ्या बाजूला, हें मिल्लला तर्कानें कळलेलें होतें. आगरकरांनीं तें खिडकींतून पाहिलें. १७ जून १८९५ रोजीं, वयाचीं एकोणचाळीस वर्षेंही पुरीं झालीं नसतां, दम्यानें जर्जर होऊन ते वारले. तेव्हां स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनीं पुरचुंडींत बांधून ठेवलेले निघाले, असें सांगतात.

तो उतारा आपल्याकडे आला तो या वाटेनें. बाईंच्या वडिलांच्या कपाटांत मिल्लचें पुस्तक होतें, आणि त्या काळीं सतरा वर्षांच्या मुलीला तें काढून वाचण्याची मुभा होती. ही मुभा त्या कपाटाला कोणामुळें आली, हें बाईंच्या पत्रावरून दिसत नाहीं. परंतु वडिलांच्या पिढीच्या हातून ‘सुधारक’चे निवडक निबंध गेले असतील असें मानण्यास हरकत नाहीं. नातवाचा आक्षेपही त्याच शाळेंतला आहे. मोठ्या नांवाला न भितां पुस्तकाचें पान उघडून दाखविणें, हें त्याला कोणी शिकविलें ?

म्हणून बाईंना माझी विनंति आहे कीं, खोडूं नये. खोडलें तर सतराव्या वर्षीं आपल्याला काय आवडलें याची नोंद जाईल, आणि मिल्ल काय म्हणाला तें जाणार नाहींच. त्याऐवजीं तो मागासलेल्या समाजांचा परिच्छेदही, अकबरासुद्धां, पुरा उतरून घ्यावा. हात कांपतो असें त्या लिहितात. तर हें काम नातवाला सांगावें, पण शाई मात्र त्याच वहीची, काळी, असावी. तारीख घालावी. खालीं मिल्लची नोकरी व तिचीं वर्षें लिहावीं, १८२३ ते १८५८. ६ मार्च १८५१ चा तो कागद मधल्या पानांत जागा असेल तर तेथें घालावा, नसेल तर येथेंच.

जागेची अडचण पडेलसें वाटत नाहीं. सतराव्या वर्षीं कागदाची चंगळ होती म्हणून प्रत्येक भागाचें पहिलें वचन लिहून समोरचें पान शोभेसाठीं कोरें सोडलें होतें, असें बाईंनींच पत्रांत लिहिलें आहे.